पलंग मिळाला तरच आजारी!

आधीच डिस्क्लेमर टाकतो. मी डॉक्टर नाही आणि विमा एजंट तर नाहीच नाही. शिक्षणाने इंजिनिअर, पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण एखादी सिस्टीम चुकीच्या गृहीतकावर उभी असली की ते शोधून काढायचा मला पगार मिळतो, आणि आज जिच्याबद्दल लिहितोय ती सिस्टीम तशीच आहे. तुमच्या-माझ्या खिशातल्या मेडिक्लेम कार्डाची. लेख थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

जानेवारी २०२५ आठवतोय? पुण्यात जीबीएसची, म्हणजे गिलियन-बारे सिंड्रोमची साथ आली होती. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात पेशंट वाढत चालले होते आणि सगळे व्हॉट्सॲप ग्रुप "पाणी उकळून प्या"ने भरले होते. तेव्हा बऱ्याच पुणेकरांनी आयुष्यात पहिल्यांदा एक शब्द ऐकला: आयव्हीआयजी. शिरेतून देतात ते इम्युनोग्लोब्युलिन. एका इंजेक्शनची किंमत वीस हजारांच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या आणि शहर हादरलं. आरडाओरडा झाला, सरकारने आणि महापालिकांनी मोफत उपचारांची घोषणा केली. चांगलंच झालं. साथ ओसरली आणि आपण सगळे तो शब्द विसरून परत ट्रॅफिकला शिव्या द्यायला लागलो.

पण याच शहरात, आणि मुंबई, नागपूर, बंगळूर, सगळीकडेच, काही लोक असे आहेत ज्यांना तीच बाटली दर तीन-चार आठवड्यांनी लागते. साथ नसतानाही. वर्षानुवर्षं. त्यांच्यासाठी घोषणा झालेली नाही. उलट हेल्पलाइनवरचा माणूस त्यांना गोड आवाजात सांगतो, "सर, क्लेम बसत नाही."

माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो, पटलं नाही तर पुढे वाचून भांडा. आपला आरोग्य विमा फक्त क्रॅश ओळखतो, मेंटेनन्स ओळखत नाही. आणि काही आजारांत मेंटेनन्स हाच उपचार असतो.

आता जरा आजाराकडे. (बायोलॉजी अकरावीतच सोडलेल्यांसाठी सोप्या भाषेत.)

मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या नसा म्हणजे वायरी समजा. वायरीवर आवरण असतं, तसं नसांवर मायलिन. जीबीएसमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती बिथरते आणि या नसांवरच हल्ला करते. पुण्यात काही पेशंटच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जीवाणू सापडला होता. पोट बिघडवणारा हा जीवाणू शरीराला असं बिथरवतो हे जुनंच ज्ञान आहे. जीबीएस धडाधड येतो, चार आठवड्यांच्या आत तळ गाठतो, आणि मग बहुतेक माणसं हळूहळू सावरतात.

जीबीएसचा एक संथ भाऊ आहे. त्याचं नाव क्रॉनिक इन्फ्लमेटरी डिमायलिनेटिंग पॉलिरॅडिक्युलोन्युरोपॅथी. एका दमात म्हणून दाखवा :-) आपण सीआयडीपी म्हणू. हल्ला साधारण तसाच, पण हा दोन महिन्यांहून जास्त काळ वाढत राहतो, किंवा बरा झाल्यासारखा वाटून परत येतो. जिना चढताना पाय जड होतात, शर्टाचं बटण लागत नाही, कीबोर्डवर बोटं ऐकत नाहीत.

तिसरा नातेवाईक म्हणजे मायस्थेनिया ग्रेव्हिस. इथे वायर ठीक असते, पण वायर आणि स्नायू जिथे जोडले जातात तो कनेक्टर मार खातो. सकाळी माणूस ठणठणीत, संध्याकाळी पापण्या मिटायला लागतात, घास चावता चावता जबडा थकतो. हा आजार वाढला की श्वासावर येतो. अमिताभ बच्चन यांना ऐंशीच्या दशकात हा झाला होता, एवढी त्याची आपल्याकडे ओळख. बरेच जण गोळ्यांवर चालवतात, काहींना आणीबाणीत आयव्हीआयजी लागतं, आणि ज्यांचा आजार गोळ्यांना दाद देत नाही अशा थोड्यांना ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं.

सीआयडीपीत मात्र आयव्हीआयजी हा मुख्य उपचारांपैकी एक आहे. दुसरा स्टेरॉइड आणि तिसरा प्लाझ्मा बदलणं. २००८ साली ११७ पेशंटवरच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. पहिला डोस वजनाच्या दर किलोला २ ग्रॅम, मग दर तीन आठवड्यांनी किलोला १ ग्रॅम. ज्यांना खरं औषध मिळालं त्यांच्यात सुधारणा झाली आणि टिकली.

तीन आठवडेच का? कारण आपल्या शरीरात या अँटीबॉडीचं अर्धं आयुष्य साधारण तीन आठवड्यांचं असतं. तेवढ्या दिवसांत बाहेरून दिलेली निम्मी संपते. म्हणजे ही तारीख डॉक्टरच्या मनात आलं म्हणून पडलेली नाही. ती शरीराच्या घड्याळातून आली आहे. कोणाचं घड्याळ पाच आठवड्यांचं निघतं, कोणाचं काही काळाने औषध बंदही होतं. पण ज्यांना लागतं, त्यांच्या अंगात शेवटच्या आठवड्यात बॅटरी लो-चा दिवा लुकलुकायला लागतो.

आता मुद्द्यावर येतो.

जीबीएसचा पेशंट आयसीयूत असतो. पाच दिवस रोज आयव्हीआयजी चढतं. विम्याचा फारसा प्रश्न येत नाही, कारण माणूस पलंगावर आहे. सीआयडीपीचा पेशंट सकाळी नऊला चालत येतो, डे-केअरच्या खुर्चीत बसतो. सुरुवातीला थेंब अगदी सावकाश सोडतात, नर्स बीपी बघते, मग वेग वाढवतात. पाच-सहा तासांनी सुई काढतात आणि तो घरी जातो. औषध तेच. बाटली तीच. कंपनीही कदाचित तीच. एकाचा क्लेम पास, दुसऱ्याचा नापास. फरक फक्त पलंग आणि खुर्ची!

माझ्या एका मित्राचं हे दर महिन्याचं नाटक आहे. (नाव सांगत नाही, तो हे वाचतो.) आमच्याच धंद्यातला, तिशीचा, वजन साठ किलो. पहिल्या वेळी त्याने टीपीएच्या हेल्पलाइनला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो, फोन स्पीकरवर.

"सर, तुमचं ॲडमिशन चोवीस तासांचं नाहीये, त्यामुळे क्लेम बसत नाही."

"बरं, मग मी रात्रभर ॲडमिट राहिलो तर?"

"तर आमची मेडिकल टीम बघेल सर, ॲडमिशनची खरंच गरज होती का."

"आणि ते म्हणाले गरज नव्हती, तर?"

"तर क्लेम बसत नाही, सर."

मंडळी, याला आमच्या भाषेत डेडलॉक म्हणतात. ॲडमिट नाही झालात तर चोवीस तासांची अट मोडते, ॲडमिट झालात तर गरजेची अट मोडते. दोन्ही अटी आपापल्या जागी बरोबर आणि दोन्ही मिळून माणूस अडकलेला. आणि त्या फोनवरच्या पोराला दोष देऊन काय उपयोग? तो स्क्रीनवरचं वाचतो. बग स्क्रीनच्या मागे आहे.

बग कुठे आहे ते सांगतो. चोवीस तासांची अट आली तेव्हा आजार म्हणजे ॲडमिट होणं एवढंच गणित होतं. मग मोतीबिंदूसारखी ऑपरेशनं दोन तासांत व्हायला लागली, म्हणून "डे-केअर ट्रीटमेंट" ही पळवाट ठेवली गेली. तिची व्याख्या विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिली. त्या व्याख्येत डे-केअर उपचार म्हणजे भूल देऊन, पूर्ण किंवा स्थानिक, चोवीस तासांच्या आत होणारा उपचार, जो तंत्रज्ञान सुधारलं नसतं तर ॲडमिट करूनच द्यावा लागला असता. वाचा परत. भूल देऊन. व्याख्या लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर सुरी होती. सलाइनच्या स्टँडला लटकलेली बाटली त्याच्या डोळ्यासमोर नव्हती. आयव्हीआयजी द्यायला भूल लागत नाही, म्हणून ते डे-केअर नाही. औषध सहा तास शिरेतून चढतं, रिॲक्शन आली तर सांभाळायला डॉक्टर लागतो, म्हणून ते घरी घ्यायची गोळीही नाही. झालं, मधल्या फटीत पडलं.

आणि फट बुजवता येत नाही असं कोणी म्हणू नये. डायलिसिसला भूल देत नाहीत. केमोथेरपीलाही देत नाहीत. तरी बहुतेक पॉलिसींमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं की या उपचारांना चोवीस तासांची अट लागू नाही. का? कारण ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात आणि दर वेळी माणसाला पलंगावर रात्र काढायला लावणं मूर्खपणा आहे हे सगळ्यांना दिसलं. २०१९ मध्ये तर आयआरडीएआयने आधुनिक उपचारांची एक यादी दिली, जी विमा कंपन्यांनी सरसकट वगळायची नाही. तिच्यात इंजेक्शनने द्यायच्या मोनोक्लोनल अँटीबॉडीज आहेत. म्हणजे कारखान्यात बनवलेली एकाच छापाची अँटीबॉडी यादीत आली, आणि हजारो माणसांच्या रक्तातून गोळा केलेल्या अँटीबॉडींचं नाव राहिलं. यादीत एक ओळ वाढवायची आहे, बस. प्रॉडक्शनमध्ये याहून मोठे पॅच आपण शुक्रवारी संध्याकाळी टाकतो.

आता तुमचे प्रश्न. मला ते ऐकू येतायत.

"अरे, पण प्रीमियम किती वाढेल?" हिशोब करू. सीआयडीपीचं प्रमाण वेगवेगळ्या देशांत लाखात साधारण एक ते नऊ असं मोजलं गेलंय. दहा हजार नोकरांची कंपनी घ्या, बायको, मुलं, आईवडील धरून चाळीस हजार लोक. त्यात सीआयडीपीचे पेशंट किती? शून्य ते चार. यातही सगळ्यांना आयव्हीआयजी लागत नाही. बिल मोठं असतं हे खरं, एका वेळचंच लाखाच्या पुढे सहज जातं, आणि तीन-पाच लाखांचा विमा एप्रिलमध्ये सुरू झाला तर गणपतीपर्यंत सुद्धा टिकत नाही. पण थोड्यांचं मोठं बिल सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचं, यालाच तर विमा म्हणतात ना? की आपण नुसती सर्दी-पडशाची भिशी चालवतोय?

"लोक गैरफायदा घेतील." शिरेत सुई टोचून सहा तास बसायचं, वर दुसऱ्या दिवशी डोकं फुटेस्तोवर दुखू शकतं, कधी रक्ताची गुठळी होण्याचा धोका. हौस म्हणून कोण घेईल हो? हां, डॉक्टरांकडून चुकीचं निदान होतं, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि तो मी झटकणार नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला होता. सीआयडीपीचा शिक्का घेऊन आलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना तो आजार नव्हताच! मग त्यावर अट घाला की. न्यूरोलॉजिस्टचंच पत्र हवं. नसांच्या वेगाची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन स्टडी, जोडलेली हवी. दर काही महिन्यांनी मुठीची ताकद, चालण्याचा वेग मोजून लिहिलेला हवा. ठरावीक काळाने डोस कमी करून बघितला का, ते विचारा. या अटींना आजाराशी काहीतरी देणंघेणं आहे. पलंगावर किती तास झोपला, याला काय आहे?

"स्टेरॉइड स्वस्त आहे ना, ते का नाही घेत?" घेतात. खूप जण घेतात आणि त्यांना गुण येतो. पण वर्षानुवर्षं घेतलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, वजन, बीपी, डोळे, सगळ्याची वाट लागते. कोणाला चालतं, कोणाला नाही. हा निर्णय न्यूरोलॉजिस्ट आणि पेशंटने घ्यायचा, एक्सेल शीटने नाही.

चोवीस तासांच्या अटीची अजून एक गंमत म्हणजे ती पैसे वाचवतही नाही. पेशंट नाइलाजाने रात्रभर ॲडमिट होतो. बिलात खोलीचं भाडं, व्हिजिट, नर्सिंग सगळं चढतं, आणि खरंच अत्यवस्थ असलेल्या कोणाचा तरी पलंग अडतो. विमा कंपनी जास्त भरते, पेशंटची दोन दिवसांची रजा जाते, घरचं एक माणूस बाकड्यावर झोपतं. सगळ्यांचं नुकसान करणारा नियम शोधून काढणं ही सुद्धा एक कलाच आहे.

आता ही बाटली कुठून येते ते बघा. इथे मामला आपल्या अंगाशी येतो, अक्षरशः.

आयव्हीआयजी कुठल्या रसायनापासून बनत नाही. ते माणसाच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून बनतं. एका बॅचमध्ये किमान हजारभर, बहुतेकदा त्याहून कितीतरी जास्त लोकांचा प्लाझ्मा एकत्र केलेला असतो. प्लाझ्मापासून बाटलीपर्यंत सात ते बारा महिने लागतात. एका लिटर प्लाझ्मातून ढोबळमानाने चारेक ग्रॅम औषध निघतं. माझ्या साठ किलोच्या मित्राला एका वेळी साठ ग्रॅम लागतं, म्हणजे पंधरा लिटर प्लाझ्मा. रक्तदानाच्या एका पिशवीतून साधारण दोनशे मिली प्लाझ्मा मिळतो. म्हणजे एका वेळेला पंचाहत्तर पिशव्या. वर्षातून सतरा वेळा. बाराशे पंचाहत्तर माणसं. एका माणसाला एक वर्ष चालतं ठेवायला.

अमेरिकेत प्लाझ्मा देणाऱ्याला पैसे मिळतात आणि जगातल्या प्लाझ्माचा मोठा हिस्सा तिथूनच येतो. आपल्याकडे रक्त विकायला बंदी आहे. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून धंदेवाईक रक्तदाते बंद झाले. मला हे अभिमानास्पद वाटतं. आपल्याकडे रक्तदान हे दानच आहे, आणि रक्त गोळा करण्यात महाराष्ट्र देशात पुढे असतो. आपल्या कंपन्यांतही दरवर्षी शिबिरं होतात. बिस्किटं, फ्रूटी, सर्टिफिकेट, लिंक्डइनवर फोटो. त्या पिशवीतला उरलेला प्लाझ्मा औषध कंपनीकडे जाऊ शकतो आणि त्याचंच इम्युनोग्लोब्युलिन बनून बाजारात येऊ शकतं. तेच औषध आपल्याच मजल्यावरच्या कोणाला लागतं, तेव्हा आपल्याच कंपनीची ग्रुप पॉलिसी म्हणते, क्लेम बसत नाही. तळमजल्यावर रक्त गोळा करायचं आणि पाचव्या मजल्यावर त्याला नकार द्यायचा! हा विनोद मला तरी पचत नाही.

आणि ज्याचा क्लेम धडपडत का होईना बसतो, तो तरी सुटला का? आपण सगळे दोन-तीन वर्षांनी स्विच मारतो, पन्नास टक्के हाइक मिळाली नाही तर नाक मुरडतो. सीआयडीपीवाल्याला स्विच मारता येत नाही. ग्रुप पॉलिसीत जुने आजार सहसा पहिल्या दिवसापासून धरलेले असतात. स्वतःची पॉलिसी घ्यायला गेला तर एक तर थेट नकार, नाही तर आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंतचा वेटिंग पिरियड. (२०२४ पर्यंत तर तो चार वर्षांपर्यंत होता.) तीन वर्षं म्हणजे पन्नासच्या वर बाटल्यांचे दिवस. त्यामुळे माझ्या मित्राने स्टार्टअपची ऑफर नाकारली. आमच्यातला सगळ्यात हुशार पोरगा तो. तो नव्या नोकरीला सीटीसी विचारत नाही, पॉलिसीची पीडीएफ मागतो, आणि त्याच्या हुशारीचा निम्मा वेळ क्लेमच्या कागदांत जातो.

असो. नुसतं बोंबलून काय होणार, म्हणून करण्यासारखं सांगतो. सगळं आपल्या हातातलं आहे.

१. ग्रुप पॉलिसीचं रिन्यूअल दरवर्षी होतं आणि तिच्या अटी कंपनी ठरवून घेऊ शकते. एचआरला मेल टाका. मागणी एकच: "आयव्हीआयजी आणि इतर इम्युनोथेरपीच्या इन्फ्यूजनना डायलिसिस-केमोप्रमाणे चोवीस तासांच्या अटीतून वगळावं." एकट्याने टाकलात तर मेल हरवतो, चाळीस जणांनी टाकलात तर मीटिंग लागते.

२. कॉर्पोरेट बफर नावाची गोष्ट असते. विम्याची रक्कम संपल्यावर गंभीर आजारासाठी कंपनीने ठेवलेला वेगळा पैसा. आपल्या कंपनीत आहे का, कोणत्या आजारांना मिळतो, ते विचारा.

३. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, तिथे दाद नाही लागली तर विमा लोकपाल. पुण्यात त्याचं कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही.

४. स्वतःची पॉलिसी घेताना "चोवीस तास" हे शब्द शोधा. काही नव्या पॉलिसींनी ही अट दोन तासांवर आणली आहे. म्हणजे जमतं त्यांना, मागणारा हवा.

५. रक्तदान करत राहा. आणि बॉसच्या टीममध्ये कोणी तीन आठवड्यांनी एक दिवस गायब होत असेल तर "आज परत?" विचारू नका, बॉस असलात तर विशेषकरून.

सर्व्हर पडल्यावर धावणारा हिरो ठरतो आणि रोज पॅच लावून तो पडू न देणाऱ्याचं नाव कोणाला माहीत नसतं, हे आपल्या धंद्यात आपण सगळे रोज भोगतो. त्यावर रडगाणीही गातो. निदान आपल्याला तरी हा मुद्दा समजायला जड जाऊ नये. जो माणूस वेळेवर खुर्चीत येऊन बसतो म्हणून आयसीयूत जात नाही, त्याला पैसे द्यायचे, की तो आयसीयूत जाईपर्यंत थांबायचं?

रिन्यूअल एप्रिलमध्ये असेल तर मेल फेब्रुवारीतच जायला हवा. आज रविवार आहे, ड्राफ्ट करून ठेवा.